ऐंशीच्या वेगाला येणारी थरथर: पुढच्या स्ट्रटचं एक प्रकरण

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी साधी हॅचबॅक. मीटरवर ९४,००० किलोमीटर आणि पुढचे दोन्ही स्ट्रट (शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग यांची एकत्र जोडणी) कारखान्यातून आले तेच. मालकांच्या तक्रारी तीन होत्या. वेग ताशी ७५ ते ८५ किलोमीटरच्या मध्ये आला की स्टिअरिंग आणि पायाखालचा पत्रा थरथरतो. त्याच्या खाली नाही, वरही फारसा नाही. खराब रस्त्यावर पुढे डावीकडे टकटक वाजतं. आणि वेगाबरोबर चढत जाणारी एक घूंघूं आहे, ती मागून येते.

थरथरीसाठी व्हील बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा करून झालं होतं. दर वेळी थोडे दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. मधे एकदा पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली. तेव्हा थरथर बरीच कमी झाली, पण घूंघूं सुरू झाली आणि काही काळाने थरथरही परतली. दुसऱ्या एका गॅरेजने मागच्या डाव्या बेअरिंगवर बोट ठेवलं होतं. ते बदलण्याआधी एकदा दाखवून घ्यावं म्हणून गाडी आमच्याकडे आली.

गाडी उसळते का, डोलते का, असं विचारल्यावर मालक म्हणाले, "नाही हो, ती पहिल्यापासून अशीच आहे." असं उत्तर बहुतेक सगळेच देतात आणि ते खोटंही बोलत नसतात. शॉकअप एका दिवसात जात नाही. त्याची पकड इतकी हळूहळू सैल होते की चालवणारा नकळत त्याप्रमाणे ब्रेक आधी दाबायला आणि वळणं हळू घ्यायला लागतो. त्यामुळे तक्रारीत शॉकअपचं नाव नाही, यावरून काहीच ठरवता येत नाही.

आधी रस्त्यावर

तीन तक्रारींचं एकच कारण असेल असं धरून चाललं की तपासणी फसते. म्हणून प्रत्येक तक्रार वेगळी धरली.

थरथर इंजिनाची नाही हे लवकर कळलं. मोकळ्या सरळ रस्त्यावर ८५ वरून न्यूट्रलमध्ये गाडी सोडली, तरी ती तशीच राहिली. म्हणजे इंजिन, त्याचे माउंटिंग आणि इंजिनाचा जोर चाकांना देणारे, जोर लागल्यावर थरथरणारे ड्राइव्ह शाफ्ट बाजूला झाले. ब्रेक हलकासा लावल्यावर ती वाढली नाही, तेव्हा वाकडी डिस्कही सुटली.

घूंघूंसाठी स्थिर वेगात गाडी हळुवार डावी-उजवी झुलवली. खराब बेअरिंगवर भार पडला की आवाज चढतो आणि भार उतरला की पडतो. इथे झुलवण्याने काही फरक पडला नाही, पण रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाजाची जातच बदलत होती. खरखरीत डांबरावर तो झाकला जायचा, गुळगुळीत पट्ट्यावर उघडा पडायचा. संशय टायरवर गेला. खात्रीसाठी पूर्ण आकाराची स्टेपनी मागच्या डाव्या जागी लावून फेरी मारली आणि घूंघूं गेली. बेअरिंगचा विषय तिथेच संपला. (स्टेपनी छोट्या आकाराची असेल तर हा प्रयोग त्या वेगात करू नये.)

याच फेरीत, कुणी तक्रार न केलेल्या दोन गोष्टी दिसल्या. रस्त्याच्या लांब चढउतारावर गाडीचं नाक वर येऊन बसायचं, आणि बसल्यावर पुन्हा एकदा अर्धवट उठायचं. शिवाय स्टिअरिंग सैल धरलं की गाडी अगदी थोडी उजवीकडे सरकायची. मालक इतके दिवस नकळत डावीकडे हात ठेवून चालवत होते.

हाताने दाबून पाहणं आणि त्याची मर्यादा

बोनेटचा कोपरा दाबून सोडला. गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. दोन्ही बाजूंना तेच. या परीक्षेवर पुष्कळ लोक निकाल देतात आणि इथे निकाल "उत्तीर्ण" आला असता.

पण शॉकअपला दोन वेगवेगळी कामं असतात. गाडीचं धड स्प्रिंगवर साधारण सेकंदाला एक ते दीड वेळा हेलकावतं. ते थांबवणं हे पहिलं काम. दुसरं काम चाकाचं. टायर स्वतः हवेची स्प्रिंगच असतो. टायर आणि वरची स्प्रिंग यांच्यामध्ये अडकलेलं चाक, ते ज्यावर बसतं तो हब आणि ब्रेक यांचं वजन सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा नाचू शकतं. ती उडी शॉकअपच मोडतो. बोनेट दाबताना आपण फक्त पहिलं काम तपासतो आणि तेही अगदी मंद गतीने. अशा वेळी बुशचं (सांध्यांमधल्या रबरी गादीचं) रबर आणि तेल अडवणाऱ्या सीलचं घर्षण एवढ्यावरही गाडी थांबून जाते. शॉकअपमधलं तेल कमी झालेलं असेल, उरलेल्यात हवा मिसळून फेस होत असेल, तर त्याचा दोष छोट्या आणि झटपट हालचालीत दिसतो. हाताने ती हालचाल देता येत नाही. दाबून पाहिल्यावर गाडी झुलतच राहिली तर शॉकअप मेला आहे हे नक्की. ती थांबली, तर तो अगदीच मेलेला नाही एवढंच समजायचं.

आता ऐंशीच्या आकड्याकडे या. या गाडीचे टायर १८५/६५ आर १५ मापाचे. त्यांचा व्यास साधारण ६२ सेंटिमीटर, घेर सुमारे १.९५ मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. भागाकार केला तर चाक सेकंदाला साडेअकरा वेळांच्या आसपास फिरतं. म्हणजे चाकाच्या नाचण्याच्या नैसर्गिक लयीशी त्याच्या फिरण्याची लय नेमकी याच वेगाला जुळते. झोपाळा मागे यायच्या क्षणाला दर वेळी बोटाने हलका धक्का दिला तर तो उंच जातो, तसंच इथे होतं. टायरमध्ये पाच-दहा ग्रॅमचा असमतोल प्रत्येक फेऱ्याला एक ढकल देतो. चांगला शॉकअप ती ढकल गिळून टाकतो; थकलेला गिळू शकत नाही.

म्हणून बॅलन्सिंगने दर वेळी आराम पडायचा. ढकल शून्याजवळ आली की नाचही बंद. पण ताबा नसलेलं चाक रस्त्यावर टेकत-उडत धावतं, टेकतं तिथे टायर जास्त घासला जातो, खळगा पडतो, आणि तो खळगाच पुढे नवी ढकल होतो. शिशाचे तुकडे लावून हे चक्र थोडं मागे ढकलता येतं, थांबवता येत नाही.

थरथरत्या पाट्यांवर चाक ठेवून ही परीक्षा करणारी यंत्रंही असतात. ती पाटी सुमारे २५ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला २५ वेळा हलवतात, मग तिची लय उतरू देतात आणि त्या उतरणीत चाकाचा पाटीवरचा दाब किमान किती उरतो ते टक्क्यांत सांगतात. कल्पना चांगली आहे, मात्र टायरमधली हवा कमी-जास्त असली की आकडा बदलतो. आमच्याकडे ते यंत्र नव्हतं आणि या गाडीसाठी त्याची गरजही पडली नाही.

जॅकवर

गाडी स्टँडवर घेतली आणि तळहात टायरवरून फिरवला. मागच्या डाव्या टायरवर घेराभोवती ठरावीक अंतराने खळगे होते. खळग्यात खाच साडेतीन मिलिमीटर, शेजारच्या उंचवट्यावर पाच. हाच टायर अदलाबदलीपूर्वी पुढे डावीकडे होता. सध्या पुढे डावीकडे असलेल्या टायरवर तसेच खळगे नुकते सुरू झाले होते, शिवाय त्याची आतली कड जास्त खाल्लेली. उजवीकडचे दोन्ही टायर सरळ झिजलेले. दोष टायरबरोबर मागे गेला नव्हता. तो त्या कोपऱ्यातच बसून होता आणि जो टायर तिथे येईल त्याला खात होता.

डाव्या स्ट्रटचं रबरी डस्ट कव्हर फाटून वर गोळा झालेलं, आतला बंप स्टॉपर (चाल संपताना धक्का झेलणारा रबरी ठोकळा) चुरा झालेला. नळीचा वरचा अर्धा भाग ओला, त्यावर धुळीचा जाड थर. इथे एक भेद करावा लागतो. सीलजवळ तेलाचा पातळ, कोरडासर पापुद्रा दिसणं स्वाभाविक आहे, कारण रॉड वरखाली होताना किंचित तेल वर आणतोच. तेवढ्यावरून स्ट्रट बाद करणं हा ग्राहकावर अन्याय. पुसून, गाडी चालवून पुन्हा पाहायचं. इथे पुसल्यावर छोट्या फेरीतच ओल परत आली. ती ड्राइव्ह शाफ्टच्या बूटमधलं ग्रीस किंवा ब्रेकचं तेल नाही, हेही पाहून घेतलं. उजवा स्ट्रट कोरडा होता.

टकटकीचं मूळ मात्र स्ट्रट नव्हताच. दोन्ही चाकं लटकत असताना स्टॅबिलायझर बारची (वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या आडव्या दांडीची) लिंक निवांत असते आणि तिचा खुळा जॉइंट लपतो. गाडी रॅम्पवर चाकांच्या भारावर उभी करून लिंक हाताने हलवली, तर डावीकडचा खालचा जॉइंट स्पष्ट हलला. दोन्ही लिंक तात्पुरत्या सोडून, बांधून ठेवून, हळू वेगात खराब रस्त्यावरून गेलो, टकटक गायब. खडखड-टकटक आली की "शॉकअप वाजतोय" म्हणायची पद्धत आहे, पण तेल गळून गेलेला शॉकअप बहुतेकदा मुकाट असतो. वाजतात त्या लिंक, माउंटिंग, बुश आणि बॉल जॉइंट. लोअर आर्मची (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याची) बुशं आणि त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट पहारीने ताणून पाहिले, ठीक होते. एकाला स्टिअरिंग फिरवायला लावून डाव्या स्प्रिंगवर हात ठेवला. स्प्रिंग सरळ फिरण्याऐवजी पीळ घेऊन थांबायची आणि झटक्याने सुटायची. म्हणजे वरच्या माउंटिंगचं बेअरिंग जाम होतं.

अलाइनमेंटचे आकडे कामाआधी का घेतले

अलाइनमेंट बहुतेक ठिकाणी काम झाल्यावरच करतात. आम्ही आधीही केली, कारण गाडी उजवीकडे सरकत होती आणि आतली कड झिजत होती. कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाकाचा कल; उणे म्हणजे माथा आत, आणि एका अंशाची साठ मिनिटं. डाव्या चाकाचा कॅम्बर उणे १ अंश १० मिनिटं, उजव्याचा उणे २५ मिनिटं. पाऊण अंशाचा फरक. जास्त उणे कॅम्बरचं चाक आपल्या बाजूला कमी ओढतं, म्हणून गाडी दुसऱ्या बाजूला जाते. उजवीकडचं सरकणं इथे जुळलं.

आता वाकडं काय? स्टिअरिंगच्या अक्षाचा कल दोन्ही बाजूंना जवळपास सारखा निघाला. हा कल वरचं माउंटिंग आणि खालचा बॉल जॉइंट या दोन बिंदूंवर ठरतो. ते बिंदू जागेवर आहेत याचा अर्थ बॉडी किंवा आर्म सरकलेले नाहीत. बिंदू जागेवर आणि तरी चाक कललेलं, म्हणजे त्या दोघांमधलं काहीतरी वाकलंय: स्ट्रट किंवा नकल (हब धरणारा भाग). नकल जाडजूड ओतीव असतो. आधी वाकतो तो स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन यांच्या ज्या रचनेला १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून व्यापक वापर मिळाला, तिच्यात वरचा आर्मच नसतो. त्याचं काम स्ट्रट करतो. चाक खड्ड्यात जोरात आपटलं की तो धक्का स्ट्रटच्या रेषेच्या बाहेरून येतो आणि चाकाचा माथा आत झुकवतो. डावं चाक तसंच झुकलं होतं. वाकलेला रॉड सीलला एका बाजूने घासतो, तिथून तेल जातं. फाटलेल्या कव्हरमधून शिरलेल्या धुळीने बाकीचं काम केलं असणार.

काय बदललं, काय नाही

उजवा कोरडा असताना तोही बदलायचा का, हा प्रश्न मालकांनी विचारला आणि तो रास्त होता. उत्तर होय. एका धुरीवर एक नवा आणि एक तितकेच किलोमीटर झालेला शॉकअप ठेवला तर जोरात ब्रेक मारताना दोन बाजू वेगवेगळ्या बसतात. मागचे शॉकअप कोरडे होते, मागे जन्मलेले खळगे कुठेच नव्हते. ते तसेच ठेवले. स्प्रिंगसुद्धा ठेवल्या. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्हीकडे तीन मिलिमीटरच्या फरकात होती, शेवटच्या वेटोळ्याला तडा किंवा गंज नव्हता. गाडीची उंची स्प्रिंग ठरवते, शॉकअप नाही. गाडी एका बाजूला बसली असेल तर नवा शॉकअप टाकून ती उठत नाही. माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर, डस्ट कव्हर, दोन्ही लिंक आणि सगळे सेल्फ-लॉकिंग नट मात्र नवे घेतले. जुनं बेअरिंग नव्या स्ट्रटवर चढवणं ही बचत पुढे त्याच मजुरीने परत द्यावी लागते.

काढताना क्रम महत्त्वाचा. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या क्लिपमधून आधी सोडली, मग लिंक. नकल तारेने बांधून घेतला. तो बाहेर लोंबला तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो आणि ब्रेकच्या नळीवर ताण येतो. खालच्या दोन बोल्टांना मानेजवळ दाते असतात, म्हणून बोल्टचं डोकं धरून फक्त नट फिरवायचा. बोल्ट फिरवला तर नकलचं भोक खराब होतं. वरचे तीन नट सगळ्यात शेवटी.

मधला मोठा नट गाडीवर असताना सोडायचा नाही. ही सूचना नवशिक्यांसाठी आहेच, घाईत असलेल्या जुन्या हातांसाठी जास्त आहे. दाबलेली स्प्रिंग तो एकटा नट धरून असतो. तो सुटला की स्प्रिंग आणि माउंटिंग कुठे जाईल ते पाहायला कुणी धड उरेलच असं नाही. स्ट्रट बाहेर काढून, स्प्रिंग कंप्रेसरचे दोन्ही हूक समोरासमोर लावून, एकदा इकडे एकदा तिकडे असे थोडे थोडे आवळले. स्प्रिंग आपल्या बैठकीत हाताने फिरू लागल्यावरच नट सोडला, तोही रॉडच्या रेषेत उभं न राहता. कंप्रेसरच्या आट्यांवर इम्पॅक्ट गन चालवू नये.

टेबलावर जुन्यांचा खुलासा झाला. डावा रॉड दाबला तर सुरुवातीची काही सेंटिमीटर काहीच विरोध नाही, मग एकदम अडथळा, आत बुडबुड आवाज. सोडल्यावर तो वर आलाच नाही, गॅस गेलेला. रॉड हळू फिरवला तर त्याचं टोक डुलत होतं. उजवा सावकाश वर आला, सरळही होता, पण दिशा बदलताना त्याचीही थोडी मोकळी चाल हाताला लागली. दोन्ही बदलण्याबद्दल मालकांच्या मनात शंका होती ती रॉड स्वतःच्या हाताने दाबून पाहिल्यावर गेली.

नवे स्ट्रट उभे धरून पूर्ण चालीत काही वेळा वरखाली केले. आडवे ठेवल्याने आतल्या नळीत हवा आलेली असते. ती न काढता बसवले तर सुरुवातीला पोकळ चाल राहते. स्प्रिंगचं टोक बैठकीच्या पायरीला टेकलंय, बेअरिंग उलटं नाही, वरच्या बैठकीची खूण बाहेरच्या बाजूला आहे, हे पाहून मगच मधला नट आवळला. रॉडच्या डोक्यात षट्कोनी चावी धरून, टॉर्क रेंचने, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याला. तो चकचकीत रॉड पक्कडीने धरला की पडलेला ओरखडा दर चालीला नवं सील कापतो. लोअर आर्मचा बोल्ट उघडावाच लागला नाही. उघडला असता तर गाडी चाकांवर उभी करूनच आवळला असता, नाहीतर बुशचं रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं.

नंतर

डावा कॅम्बर उणे २० मिनिटं, उजवा उणे २५. नकल तोच, आर्म तोच, म्हणजे वाकडेपणा स्ट्रटमध्येच होता. कॅम्बर बदलला की टो (वरून पाहताना चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) बदलतोच. तो मर्यादेच्या बराच बाहेर गेलेला होता, तो जागेवर आणून स्टिअरिंग मध्यावर घेतलं. या पायरीला फाटा दिला असता तर नव्या स्ट्रटवरही टायर खाल्ले गेले असते.

रस्त्यावर ऐंशीची थरथर जवळजवळ गेली. टकटक गेली, नाकाची दुसरी उठबस गेली, उजवीकडचं सरकणंही. घूंघूं मात्र तशीच. हे मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं, कारण खळगे पडलेला टायर शॉकअप बदलल्याने भरून येत नाही आणि न सांगता गाडी दिली असती तर "काम झालंच नाही" म्हणून ती परत आली असती. मागच्या दोन्ही टायरची जोडी नवी घेतल्यावर आवाज थांबला. पुढच्या डाव्या टायरवरचे खळगे उथळ होते म्हणून तो ठेवला, आणि तीन खळगे व तीन उंचवट्यांवर खुणा करून खाचेची खोली लिहून घेतली.

पुढच्या सर्व्हिसला गाडी आली तेव्हा त्याच सहा खुणांवर माप घेतलं. उंचवटे झिजून खळग्यांच्या जवळ आले होते आणि दोघांमधला फरक निम्म्याहून कमी झाला होता. नवे सील कोरडे होते, खालच्या बोल्टांचा टॉर्क जागेवर होता. मागचे शॉकअप अजून चालतील असं दिसलं. त्यांच्यासाठी टायरवर तळहात फिरवण्याची नोंद पुढच्या कार्डावर टाकून गाडी दिली.